जाळली म्हणून सांगितलेली निगेटिव्ह

या अंकाचे संपादक माझे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या लग्नाचे फोटो मीच काढले, आणि वरमाला घालताना त्यांचे डोळे मिटलेले आले ही तक्रार ते अजून करतात. मी म्हणतो, साहेब, त्या क्षणी भल्याभल्यांचे डोळे मिटतात, त्याला कॅमेरा काय करणार? तर त्यांचा फोन आला. "अण्णा, आठवणी लिहा. आणि सोबत चार-दोन जुने फोटो द्या. आठवणी थोड्या कमी असल्या तरी चालतील, फोटो मात्र पाहिजेत."

फोटोला माझ्याकडे काय तोटा! संतपूरला बाजाराच्या तोंडाशी माझा स्टुडिओ होता. औराद तालुक्यातलं एखादंच घर असेल, ज्याच्या भिंतीवर माझ्या हातचा फोटो नाही. दुकान बंद केलं तेव्हा कॅमेरे गेले, मोठी छपाईची यंत्रं भंगारात गेली, पण निगेटिव्हच्या पेट्या मी बीदरला मुलाच्या घरी घेऊन आलो. सूनबाईंनी त्या माळ्यावर ठेवल्या आणि वरून गाद्या रचल्या. त्या गाद्या उतरवून मी चार दिवस धूळ खात बसलो आणि तीन फोटो निवडले.

तेवढ्यात माझा भाचा आला. तो बीदरच्या कोर्टात वकिली करतो. पेट्या बघून म्हणाला, "मामा, हे काय करायलाव?"

"अंकात छापायला फोटो काढायलोय. माझेच फोटो."

"तुमचे कुठले? ज्यानं पैसे देऊन तुमच्याकडून काढून घेतले, त्याचे. वेगळं काही लिहून घेतलं नसंल तर हक्क त्याचाच. तुमी फक्त बटन दाबलं."

चाळीस वर्षं ज्या धंद्यावर घर चालवलं त्याला 'फक्त बटन दाबलं' म्हटल्यावर मला राग आला. पण तो थांबेना. रस्त्यात, जत्रेत, सभेत फोटो काढला तर सहसा कोणी अडवत नाही. पण तोच छापायचा झाला, फलकावर लावायचा झाला, तर ज्याचं तोंड त्यात आहे त्याला विचारलं पाहिजे. लहान पोर असेल तर आईबापांना. आणि कोणी आतल्या खोलीत, कपडे बदलताना, दवाखान्यात असेल तर कॅमेरा वर उचलायचाच नाही. "आणि विचारलं म्हणून तोंडी सांगू नका मामा, लिहून घ्या," असं म्हणून त्यानं चहा मागितला.

मी निवडलेले तीनही फोटो पुन्हा पुढ्यात ठेवले. त्यातल्या तिसऱ्याकडं बघून माझा राग उतरला. त्या फोटोची माझ्याकडं नुसती निगेटिव्हच होती, आणि ती जाळून टाकली असं मी त्या फोटोतल्या मुलीला सांगितलं होतं. तिला विचारायला जायचं म्हणजे आधी ते कबूल करायचं.

नव्या मुलांसाठी सांगतो. तेव्हा फोटो आधी फिल्मवर उमटायचा, तोही उलटा. गोरा माणूस काळा, काळे केस पांढरे. त्याला निगेटिव्ह म्हणायचं. ती हातात असली की त्या फोटोच्या हव्या तेवढ्या प्रती निघायच्या. म्हणजे फोटो गिऱ्हाइकाकडे गेला तरी त्याचा जीव माझ्याकडे राहायचा. एका रोलवर बारा फोटो बसत. बारा संपल्याशिवाय रोल धुवायचा नाही, हा आमचा नियम. त्यामुळे लोक चार-चार दिवस थांबत आणि मला शिव्या देत.

या निगेटिव्ह ठेवायची माझी रीत अशी की, माणसाच्या नावानं नाही, घराच्या नावानं पाकीट. गाव, आडनाव आणि घरातल्या कर्त्याचं नाव. त्यात आजोबांपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळे. कोणीही यावं आणि म्हणावं, "अण्णा, जनवाड्याच्या अमक्या घरचं पाकीट काढा, आमच्या काकाचा फोटो पाहिजे." मी काढून देत असे. कोण मागतंय, ज्याचा फोटो आहे त्याला माहीत आहे का, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. घरचाच माणूस घरच्याचाच फोटो मागतो, त्यात विचारायचं काय? त्या काळी माणसाचं स्वतःचं असं पाकीट नसायचंच.

दुसरी माझी ख्याती जोडफोटोची. आपल्याकडे नवरा-बायको एकत्र स्टुडिओत येत नसत. नवरा रेशन कार्डाच्या वेळी यायचा, बायको बचत गटाच्या वेळी. मग एक जण गेला की दुसऱ्याला भिंतीवर जोडीनं लागायची हौस यायची. मी दोघांचे वेगवेगळे फोटो एकाच मापात छापायचो, एकाची कड ब्लेडनं कापायची, मागून पॉलिश कागदानं घासून पातळ करायची, दुसऱ्यावर चिकटवायची, सांध्यावर बारीक ब्रशनं रंग द्यायचा आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो काढायचा. सांधा दिसला तर फोटो फुकट, अशी माझी पाटीच होती. ती पाटी कोणाच्या कामी आली नाही.

गंगाक्का म्हणून एक म्हातारी होती. नवरा जाऊन दोन महिने झाले होते. मी जोडफोटो करून तिला दाखवला. दोघं शेजारी खुर्चीत. ती बघतच राहिली. म्हणाली, "अण्णा, ह्ये खोटं हाय."

"जोडफोटो खोटाच असतो अक्का."

"तसं न्हाई रे. त्येंच्या बरोबरीनं खुर्चीत मी जित्तेपनी कवा बसले न्हाई. आता कशी बसू? मला मागं हुबी कर."

मी पुन्हा सगळं कापलं आणि तिला मागं उभी केली. हा माझा पहिला निवडलेला फोटो. गंगाक्का आता नाही. तिच्या कलबुर्गीच्या नातवाला फोन केला, तो म्हणाला, "छापा की अण्णा, त्यात काय!" अर्ध्या तासानं त्याच्या काकाचा फोन, "अजिबात छापू नका, आमची आई मोलकरणीसारखी मागं उभी दिसतीय." मग नातवाचा पुन्हा फोन, काकांचं ऐकू नका. मेलेल्या माणसाची परवानगी कोणाकडून घ्यायची हे भाच्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मामा, तो फोटो राहू द्या." राहू दिला. आता काका-पुतण्यात माझ्यामुळं अबोला आहे असं ऐकतो.

दुसरा फोटो माझ्या बायकोचा, शांताचा. कॅमेऱ्यामागं उभी आहे. आमच्या संतपुरात मुसलमान घरं बरीच. पासपोर्टासाठी, पेन्शनसाठी त्यांच्या बायकांचे फोटो लागत. एकदा एक चाचा बायकोला घेऊन आले आणि दारातच अडले. "अण्णा, काम हुना, लेकिन तुम्हारे सामने नको. क्या करना बोलो." फोटो तर पाहिजे, पण माझ्यासमोर नको. शांता आतून आली. म्हणाली, "तुम्ही दिवे लावा, खुर्ची ठेवा, कॅमेरा बसवा आणि भाईर जावा. दाबायचं तेवढं मी दाबते." तेव्हापासून ती रीतच पडली. पुढं आमच्या मराठ्या-लिंगायतांच्या सुनाही म्हणू लागल्या, अक्का दाबणार असतील तर बसतो. मी बाहेर ओट्यावर बसायचो आणि आतून बायकांचं हसणं ऐकू यायचं. माझ्यासमोर कधी कोणी तसं हसलं नाही.

एक मुलगी सोडून.

तिचं नाव, गाव इथं नाही. का नाही ते शेवटी कळेल. पुढं ती शाळेत बाई झाली, म्हणून मी तिला बाईच म्हणतो. तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची असेल. वडिलांबरोबर आली होती. टी.सी.एच.ला, म्हणजे मास्तरकीच्या शिक्षणाला, अर्ज करायचा होता. त्या घरातली शिकलेली पहिली मुलगी. वडील चार वेळा म्हणाले, "अण्णा, फोटू असा काढा की बीदरच्या सायबानं बगताच जागा दिली पायजे." ती बिचारी सायबाच्या धाकानं लाकडासारखी बसली. मी फोटो काढला. अर्जाचा फोटो झाला. वडील बाहेर तंबाखू मळायला गेले.

बाजाराचा दिवस होता. स्टुडिओत एका तिवईवर मी कागदी फुलांची फुलदाणी ठेवत असे, नवरा-नवरीसाठी. दारातून एक शेळी आत आली आणि ती फुलं खाऊ लागली. मी "हाड हाड" करत धावलो, शेळी गुलाबाचं फूल तोंडात धरून दिव्याच्या स्टँडभोवती फिरली, मी तिच्यामागं, आणि माझं धोतर वायरीत अडकलं. ती मुलगी हसली. पदर तोंडाला लावायचं विसरून, मान मागं टाकून हसली. मी वायर सोडवता सोडवता कॅमेऱ्यापाशी पोचलो होतो. रोलमध्ये एकच फ्रेम उरली होती. मी दाबलं.

तिला कळलंही नाही. मी सांगितलंही नाही. रोल धुतला तेव्हा ती शेवटची निगेटिव्ह दिव्यासमोर धरून मी शांताला हाक मारली. आयुष्यात तेवढी चांगली चीज माझ्या हातून ना आधी झाली होती, ना नंतर झाली. शांतानं बघितली आणि एवढंच विचारलं, "तिला म्हाईत हाय का?" मी म्हटलं, "तिला कशाला? तिच्या घरच्या पाकिटातच ठेवतो की." आणि ठेवली.

महिना-दीड महिन्यानं तिच्या आत्याचा मुलगा आला. मला ओळखीचा. दहावीला दोनदा बसून शेती बघत होता. स्वतःचा फोटो घेऊन आला होता. "अण्णा, मामाच्या घरचं पाकीट काढा. जोडफोटो करायचाय. मामाची पोरगी हाय, लगीन ठरल्यालंच हाय."

आता आपल्याकडे मामाची मुलगी म्हणजे हक्काची. पाळण्यात असल्यापासून लोक चिडवतात. त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही. ठरलं असेल. तिला विचारलं का, हे विचारायचं मनातही आलं नाही. अर्जाचा फोटो काढून दाखवला. तो म्हणाला, "ह्यात रागावल्यागत दिसायलीय."

आणि मग मी ते केलं. त्याला त्या दुसऱ्या फ्रेमचा पत्ता नव्हता. मीच, कारागिरीच्या फुशारकीत, पाकिटातून ती निगेटिव्ह काढली आणि म्हटलं, "थांब, तुला एक दाखवतो."

जोडफोटो असा जमला की विचारू नका. सांधा शोधून सापडेना. तो रुबाबात उभा, आणि शेजारी ती मान मागं टाकून हसते आहे. त्याच्याकडं बघूनच हसते आहे असं वाटावं. तो फोटो घेऊन गेला आणि मी दिवसभर खुशीत होतो.

चार दिवसांनी तिचे वडील आले. हातात तोच फोटो. चेहरा असा की मी खुर्ची पुढं केली तरी बसले नाहीत. झालं होतं ते असं. पोरीला बीदरला जागा मिळाली होती. ती मास्तरीण झाली तर दहावी नापासाला कोण विचारतंय, म्हणून त्या आत्याच्या मुलानं फोटो मामापुढं ठेवला होता. आम्ही दोघं स्टुडिओत जाऊन काढला, म्हणाला. आता लग्न लावा, गावात बोभाटा नको.

"अण्णा, खरं सांगा. माझी पोरगी ह्येच्यासंगं इथं आल्ती का?"

तेव्हा एक शब्द बोलायचा होता. नाही. बस्स, एवढंच. पण तो शब्द बोललो असतो तर पुढचा प्रश्न होता, मग हा फोटो कसा? आणि त्याचं उत्तर होतं, तुमच्या पोरीचा फोटो मी तुम्हाला न विचारता काढला, तिला न सांगता ठेवला आणि परस्पर दिला. ही गोष्ट बाजारात गेली असती तर कोणत्या घरानं आपलं पाकीट माझ्याकडं ठेवलं असतं? मी कॅमेऱ्याची काच पुसत म्हणालो, "बाजाराच्या दिवशी शंभर गिऱ्हाईक येतंय अप्पा. आता नेमकं ध्यानात न्हाई."

ते गेले. पडद्यामागून शांता बाहेर आली. दिवे मालवून आत गेली. दुसऱ्या दिवशी एक मुसलमान बाई नवऱ्याबरोबर फोटोला आली. मी दिवे लावले, कॅमेरा बसवला, शांताला हाक मारली. ती म्हणाली, "मी दाबणार न्हाई."

"कामून?"

"त्या माझ्या भरवशावर तोंड उघडं करतात. माझा नवरा दुसऱ्याच्या पोरीचं तोंड कुनाच्याबी हातात देतोय, हे त्यास्नी म्हाईत न्हाई. मला हाय."

मला राग आला, तिला बोललो, माणसं परत गेली. शांताचं मग रोज तसंच. स्वयंपाक करायची, वाढायची, पण स्टुडिओत पाऊल टाकायची नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं. कोणी दोघं हळू बोलत गेले तरी वाटायचं, माझंच बोलतायत. कानावर यायचं की त्या मुलीला घरातून बाहेर सोडत नाहीत, तिची पुस्तकं वडिलांनी माळ्यावर टाकली. दहा दिवस मी असे काढले. आज सत्तरी ओलांडल्यावर आयुष्यातले कोणते दिवस परत पाहिजेत असं कोणी विचारलं, तर मी ते दहा दिवस मागेन.

अकराव्या दिवशी मी एस.टी. धरून तिच्या गावाला गेलो. मारुतीच्या पारावर बैठक बसली होती, लग्नाची तारीख काढायला. दोन्ही घरची माणसं, गावातले चार जाणते. मी हात जोडून म्हटलं, हा फोटो जोडफोटो आहे, मी केलाय, पोरगी याच्याबरोबर कधी आली नाही.

कोणी ऐकेना. एक म्हातारे फोटो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "अण्णा, कुनी पैसे दिले का काय तुमाला? पोरगी हासायलीय की हितं. मनात नसताना कोन हासतंय?"

मी त्यांच्या शेजारी बसलो. म्हटलं, "अप्पा, तिच्या नाकाची सावली बगा. उजवीकडं पडलीय. आता ह्याच्या नाकाची बगा. डावीकडं. एका खोलीत दोन सूर्य असतेत का?" जी कारागिरी सापडू नये म्हणून मी आयुष्य घालवलं, ती मी स्वतःच बोट ठेवून उघडी करत होतो. फोटो हातोहात फिरला. माणसं नाकं बघू लागली. मग ते म्हातारे म्हणाले, "बरं, मंग ही हासायलीय कुनाला?"

"शेळीला," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. फुलदाणी, दिव्याचा स्टँड, माझं धोतर. पारावर हशा पिकला. आत्याचा मुलगा मान खाली घालून उठून गेला. वडिलांनी फोटोचे चार तुकडे केले. मी हसण्यावारी निभावलं म्हणून खूश होणार, तेवढ्यात समोर बघितलं. ती त्यांच्या घराच्या दारात उभी होती. सगळा पार तिच्या हसण्याला हसत होता, आणि ती हसत नव्हती.

एस.टी.ची वाट बघत फाट्यावर उभा होतो. ती धाकट्या बहिणीला घेऊन आली. पहिलंच वाक्य, "मी तशी हासले तवा तुमी फोटू काढला?"

"व्हय."

"मला इचारलं न्हाई."

"न्हाई."

"ती काच का काय असती ती मला द्या."

निगेटिव्ह म्हणायचं होतं तिला. ती माझ्या शर्टाच्या आतल्या खिशात होती. बैठकीत लागली तर दाखवायला म्हणून नेली होती. मी खिशावर हात ठेवून म्हणालो, "ती मी जाळून टाकली बाई. कालच."

 "बरं झालं," ती म्हणाली आणि गेली.

बीदरला हजर व्हायची तारीख त्या दहा दिवसांतच उलटून गेली होती. जागा दुसऱ्याला गेली. तिला पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा लागला. त्या अर्जाचा फोटो तिनं माझ्याकडं काढला नाही, उदगीरला जाऊन काढला. जागा मिळाली, ती बाई झाली, नंतर मुख्याध्यापिका झाली. माझ्यामुळं तिचं एक वर्ष गेलं, आणि मी तिची चीज ठेवून घेतली.

शांता पुन्हा बटन दाबू लागली, पण निगेटिव्ह जाळली नाही हे तिला माहीत होतं. बिस्किटाच्या डब्यात वेगळ्या पाकिटात ठेवलेली तिनं बघितली होती. दर दिवाळीला साफसफाई करताना तो डबा माझ्यापुढं ठेवायची आणि म्हणायची, "देऊन टाका." मी म्हणायचो, देतो. शेवटच्या आजारात एकदा म्हणाली. तेव्हाही मी म्हटलं, देतो.

बाईंच्या शाळेचे ग्रुपफोटो पुढं कितीतरी वर्षं मीच काढले. शाळा सरकारी, फोटोग्राफर ठरलेला, तिचा इलाज नसावा. मी सगळ्यांना म्हणायचो, जरा हसा. पोरं हसायची, मास्तर हसायचे. मधल्या खुर्चीवर बाई, ओठ घट्ट मिटून. प्रत्येक वर्षी. मी तिच्याकडं बघून हसा म्हटलं नाही. पण एका वर्षी पोरांना उभं करताना एक मुलगी मागं मागं सरकायला लागली, तेव्हा बाई उठून तिच्याकडं गेल्या. "तुला न्हाई काढायचा का?" मुलीनं मान हलवली. "बरं. वर्गात जाऊन बस." आणि मला म्हणाल्या, "आता काढा." फोटो काढताना असं विचारायचं असतं हे मला शिकवायला एवढी एक तासिका पुरली, पण त्या वयात शिकून धंदा किती दिवस राहिला होता?

तर गेल्या महिन्यात मी डबा घेऊन तिच्या घरी गेलो. ती आता बीदरलाच राहते, माझ्या मुलाच्या घरापासून फार लांब नाही. निवृत्त झाली, केस पांढरे. नात कॉलेजात आहे, ती दारात आली. बाईंनी ओळखलं. "या अण्णा." पाणी दिलं. मी डबा उघडला, पाकीट काढलं आणि पुढ्यात ठेवलं. मला काही सांगावं लागलं नाही. तिनं निगेटिव्ह खिडकीकडं धरली.

"जाळली म्हणालाव."

"खोटं बोललो."

"कामून?"

"लई चांगली आल्ती. आयुष्यात तेवढी एकच..."

"चांगली तर मी आल्ते न्हवं का अण्णा?" ती शांतपणे म्हणाली. वर्गात एखाद्या मुलाला चूक दाखवावी तशी. "मंग माझ्याजवळ नको का?"

 मी म्हटलं, माझं चुकलं. एवढ्या वर्षांनी हे दोन शब्द बोलायला मला तिथं बसून घाम आला.

नातीनं मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर निगेटिव्ह ठेवली, दुसऱ्या मोबाइलनं तिचा फोटो काढला, काहीतरी दाबलं आणि उलटं सगळं सुलटं झालं. ज्याला मला अंधारी खोली, रसायनं आणि दोन तास लागायचे, ते तिनं चहा उकळेपर्यंत केलं. "आजी! ही तू? तू अशी हसायचीस?"

बाईंनी चष्मा लावला. फोटो बघितला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "ह्या वयातला माझा एकबी फोटू घरात न्हाई. माझ्या अप्पांनी तवा सगळे जाळले. मीच इसरले व्हते मी कशी दिसायचे." नात म्हणाली, स्टेटसला ठेवते. बाईंनी तिच्या हातातून मोबाइल घेतला, "आधी इचारावं," म्हणाली, आणि तो फोटो स्वतःच्या मोबाइलवर पाठवून तिच्या मोबाइलमधून पुसला. नातीनं तोंड वेडंवाकडं केलं, पण ऐकलं.

मग मी माझ्या वकील भाच्यानं सांगितल्याप्रमाणं आणलेला परवानगीचा कागद काढला. लेखाचं सांगितलं, फोटोचं सांगितलं. कागद तिनं वाचला, मास्तरणीच्या सवयीनं दोन ठिकाणी चुका दुरुस्त केल्या आणि परत दिला.

"कागद ऱ्हाऊ द्या. तोंडानं इचारा."

मी नीट बसलो. हात मांडीवर ठेवले. "बाई, हा तुमचा फोटो अंकात छापू का?"

"न्हाई," ती म्हणाली.

एवढी वर्षं धंदा केला, हजारो तोंडं फिल्मवर घेतली, पण मी सरळ विचारावं आणि समोरच्यानं सरळ नाही म्हणावं, हे पहिल्यांदाच झालं. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. शांता असती तर म्हणाली असती, चाळीस वर्षं लागली का तुम्हाला?

"पन गोष्ट लिव्हा," बाई म्हणाल्या. "नाव, गाव नको. ते धा दिवस लिव्हा. आनि शेळीचं नीट लिव्हा. तुमी पारावर सांगितलं तवा एक गोष्ट सांगितलीच न्हाई. शेळीनं फुलं खाल्ली, मंग तुमच्या धोतराचा सोगाबी तोंडात धरला हुता. तुमी वढायलाव, ती वढायलीय..."

आणि त्या हसल्या. पदर तोंडाला न लावता, मान मागं टाकून, अगदी तश्शा. खिडकीतून उजेड बरोबर डावीकडून येत होता. माझा हात आपोआप खिशातल्या मोबाइलकडं गेला. मी तो तिथंच थांबवला, आणि मोबाइल खिशातच राहू दिला.